इंटरनेट बंद पडले? आधी शेजारचा नळ बघा

घरातला संगणक बंद पडला की माणूस एक तर त्याला चापट मारतो, नाही तर कंपनीला शिव्या देतो. आम्ही त्या दिवशी दोन्ही केले. उपयोग कशाचाच झाला नाही.

आम्ही नळदुर्गला राहतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे गाव किल्ल्यासाठी आणि पाणीमहालासाठी ओळखले जाते. बोरी नदीला पूर आला की नर-मादी धबधबे पाहायला लांबून लोक येतात. घर जुने आहे, काळ्या दगडाचे, दोन हात जाडीच्या भिंतींचे. अशा घरात आम्ही संगणक घेतला तो थोरल्या मुलीच्या शिक्षणासाठी. ती सोलापूरला कॉलेजात आहे. तिच्या शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला होता. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, बँकेचे पासबुक असे सगळे कागद स्कॅन करून संगणकात ठेवलेले. फक्त ते चढवायचे आणि बटण दाबायचे बाकी होते. वर्षाच्या फीचा प्रश्न होता. आमच्यासारख्या घराला ती रक्कम छोटी नाही.

सकाळी फजरनंतर मुलीने संगणक सुरू केला आणि हाक मारली, “अब्बा, नेट नाही!”

कोपऱ्यात जिथे जोडणीचे चिन्ह असते, तिथे पृथ्वीचा गोळा आणि त्यावर आडवी काट. आम्ही संगणक बंद करून पुन्हा चालू केला. एकदा, दोनदा, तीनदा. मग निकाल देऊन टाकला की कंपनीचीच लाइन गेली. केबल जोडणाऱ्या मुलाला फोन लावला, त्याने उचलला नाही. सकाळचे नऊ वाजले. बेगम म्हणाली, “सेवा केंद्रात जाऊन बघा.” गेलो. शेवटचा दिवस म्हणून तिथे आमच्यासारखेच पंचवीस-तीस जण रांगेत उभे होते. परत आलो.

घाईत केलेली चूक

आता सांगतो ती गोष्ट सांगायला लाज वाटते, पण वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

कंपनीच्या तक्रार विभागाचा नंबर आमच्याकडे नव्हता. मोबाइलवर शोधला. पहिला जो दिसला तो लावला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलत होता. म्हणाला, “सर, तुमचे कनेक्शन बंद दाखवतेय, दहा रुपये भरले की पुन्हा सुरू होईल.” त्यासाठी त्याने मोबाइलवर एक लिंक पाठवली आणि एक अॅप टाकून घ्यायला सांगितले. त्या अॅपमुळे आमच्या मोबाइलचा पडदा त्याला तिकडे दिसणार होता. आम्ही टाकायला निघालो होतो. दहा रुपयांचा प्रश्न, त्यात काय एवढे!

बेगम शेजारी उभी होती. तिने हातातून मोबाइल घेतला आणि म्हणाली, “नळाची तक्रार करायला गेलं तर कुणी आपल्या कपाटाची किल्ली मागतं का?” आणि फोन कट केला.

ती बरोबर होती. दहा रुपये हे निमित्त असते. एकदा पडदा दुसऱ्याला दिसू लागला की आपण टाकलेला बँकेचा पिन आणि आलेला ओटीपी दोन्ही त्याच्या डोळ्यांसमोर येतात. तक्रारीचा खरा नंबर आपल्या बिलावर, पावतीवर किंवा घरातल्या डब्यावर चिकटवलेल्या कागदावर असतो, तिथूनच घ्यावा. शोधून मिळालेल्या नंबरावर विश्वास ठेवू नये. आणि फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

भाच्याचा पहिला प्रश्न

शेवटी पुण्याला असलेल्या भाच्याला फोन लावला. तो याच कामात आहे. आम्हाला वाटले तो काही अवघड बटणे सांगेल. त्याने विचारले, “मामू, तुमच्या नळाला पाणी आलं नाही तर पहिल्यांदा काय करता?”

“शेजाऱ्याला विचारतो, त्याच्याकडे आलं का.”

“मग तेच करा. मोबाइलचा डेटा बंद करा, फक्त घरचं वाय-फाय ठेवा, आणि बघा काही उघडतंय का.”

डेटा बंद करणे महत्त्वाचे. तो चालू राहिला तर मोबाइल गुपचूप सिमकार्डावरचे इंटरनेट वापरतो आणि आपण समजतो वाय-फाय ठीक आहे. आम्ही डेटा बंद केला आणि बातम्यांचे पान उघडले. झटक्यात उघडले!

म्हणजे कंपनीची लाइन ठीक, खांबावरची तार ठीक, भिंतीवरचा डबा ठीक. सकाळपासून ज्यांना आम्ही बोल लावत होतो, त्यांच्यातल्या कुणाचीच चूक नव्हती. दोष डबा आणि संगणक यांच्या मधे किंवा संगणकातच होता. एका प्रश्नात अर्ध्याहून अधिक शोध संपला. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळे शिकवायला नको. पाणी टाकीत नाही, पाइपात अडले की तोटी बिघडली, हे आपण रोज तपासतो. इंटरनेटही तसेच टप्प्याटप्प्याने घरात येते.

दुसरा प्रश्न आला, “संगणकाच्या मागे जिथे तार खोचली आहे, तिथे बारीक दिवा लागलाय का?”

आमच्या जाड भिंतींमधून वाय-फाय मागच्या खोलीत नीट पोचत नाही, म्हणून संगणकाला आम्ही डब्यापासून सरळ तार ओढली आहे. टेबल पुढे ओढून पाहिले. दिवा नव्हता. तारेच्या टोकाला प्लॅस्टिकची एक छोटी जीभ असते, जी खोबणीत अडकते आणि ‘टक’ असा आवाज येतो. ती जीभ तुटली होती आणि टोक अर्धे बाहेर आले होते. आत दाबले. दिवा लुकलुकू लागला. पडद्यावरची काट गेली. मुलीने टाळी वाजवली.

पण अर्जाचे पान उघडले नाही.

दुसरा बिघाड

या वेळी ‘नेट नाही’ असे येत नव्हते. प्रत्येक पानावर लाल रंगाची इशारावजा पाटी येत होती आणि त्यात इंग्रजीत काहीतरी असुरक्षित असल्याचे लिहिले होते. मुलगी ती पाटी न वाचताच बंद करत होती, पुन्हा उघडत होती. आम्हालाही वाटले, आता व्हायरस आला.

भाच्याने तीन छोट्या तपासण्या करायला लावल्या. त्या कुणालाही जमतील, म्हणून नीट लिहितो. स्टार्टच्या जागी इंग्रजीत ‘सीएमडी’ ही तीन अक्षरे टाकली की काळ्या रंगाची एक चौकट उघडते. तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबले की आपल्या संगणकाचा पत्ता दिसतो. तो बहुतेक घरांत १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. तसा असेल तर डब्याने संगणकाला ओळखले आहे. तो १६९.२५४ने सुरू होत असेल, तर डब्याकडून उत्तर न मिळाल्याने संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. म्हणजे तार किंवा डबा बघायचा. आमचा पत्ता बरोबर होता.

मग ‘पिंग’ हा शब्द, एक मोकळी जागा आणि ८.८.८.८ हे आकडे इंग्रजीत. पिंग म्हणजे दूरच्या संगणकाला घातलेली साद. तिकडून ‘ओ’ आली की रस्ता मोकळा. १९८३ मध्ये माइक मूस या अमेरिकन माणसाने ही छोटी सोय लिहिली आणि आजही ती प्रत्येक संगणकात आहे. आमच्या सादेला चार वेळा ओ आली.

तिसऱ्यांदा आकड्यांऐवजी एका ओळखीच्या संकेतस्थळाचे नाव घातले. त्यालाही उत्तर आले. आकड्यांना उत्तर येते आणि नावाला येत नाही असे झाले, तर नावाचा पत्ता शोधून देणारी सेवा, म्हणजे डीएनएस, अडली आहे असे समजावे. आमच्याकडे तेही ठीक होते.

भाचा क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “मामू, खाली कोपऱ्यात तारीख काय दिसतेय?”

बघतो तर १ जानेवारी २०१५!

सकाळपासून आम्ही चौघांनी त्या पडद्याकडे पाहिले होते. तारखेकडे कुणाचेच लक्ष गेले नव्हते.

तारखेचा आणि इंटरनेटचा संबंध काय?

भाच्याने समजावले ते असे. आजकाल प्रत्येक चांगले संकेतस्थळ उघडताना आपले ओळखपत्र दाखवते. ब्राउझरच्या पट्टीत कुलपाचे चिन्ह दिसायचे ते याच ओळखपत्रामुळे. त्याच्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे लिहिलेले असते, एसटीच्या पाससारखे. कंडक्टरच्या मनात साल चुकले असेल तर तुमचा खरा पासही त्याला खोटा वाटेल. आमचा संगणक २०१५ मध्ये जगत होता. त्याच्या हिशेबाने आजचे प्रत्येक ओळखपत्र अजून जन्मालाच आले नव्हते. म्हणून तो प्रत्येक दाराशी थांबून इशारा देत होता. ती लाल पाटी हेच सांगत होती, की तुमचे घड्याळ मागे आहे. आम्ही वाचली असती तर कळले असते.

तारीख मागे का गेली? संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. सीआर २०३२ असे त्याचे नाव, तीन व्होल्टचा. संगणकाची वीज पूर्ण गेली तरी आतले घड्याळ त्याच्यावर चालत राहते. काही वर्षांनी तो संपतो. पण प्लग लावलेला आणि बोर्डाचे बटण चालू असेल, तर बंद संगणकालाही थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ चालते. त्यामुळे सेल संपल्याचे कळतच नाही. आदल्या रात्री लाइट सारखी जात-येत होती. संगणक जळू नये म्हणून आम्हीच अंधारात टेबलामागे हात घालून प्लग ओढून काढला होता. प्लग निघाला तसे घड्याळ थांबले, आणि त्याच ओढाताणीत तुटक्या जिभेची तारही सैल झाली. एकाच हाताने दोन बिघाड केले होते आणि तो हात आमचाच होता.

तारीख-वेळ दुरुस्त करायला एक मिनिट लागले. अर्जाचे पान उघडले. असरच्या सुमारास अर्ज गेला, पावतीचा नंबर आला, तिची छापील प्रत निघाली. अल्लाहचे शुक्र मानले. दुसऱ्या दिवशी सेल बदलला, पन्नास रुपयांच्या आत काम झाले. तारेचे टोकही नवे बसवून घेतले.

मोहल्ल्यातले इतर बिघाड

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून यायचे आणि जोडताना किरकिर आवाज व्हायचा. पुढे सायबर कॅफे आले, तासाच्या हिशेबाने पैसे देऊन निकाल बघायला गर्दी व्हायची. आता केसासारखा काचेचा धागा घरात आला आहे. सोय वाढली तसे बिघाडही बदलले. ओळखीच्या घरांत जे जे पाहिले, ते थोडक्यात सांगतो.

डब्यावर ‘एलओएस’ लिहिलेल्या जागी लाल दिवा लागला असेल, तर बाहेरून प्रकाशच येत नाही असा त्याचा अर्थ. काचेच्या तारेतून वीज येत नाही, प्रकाश येतो. ती कुठे तरी तुटली किंवा जास्त वाकली असेल. रस्त्याची खोदाई झाली, गळीत हंगामात उसाची उंच भरलेली ट्रॉली खांबावरच्या तारेला घासून गेली, घरात कपाट सरकवताना तार दबली, असे काहीही असू शकते. हा दोष घरात दुरुस्त होत नाही, तक्रारच करावी लागते. निघालेल्या टोकात डोळा लावून बघू नये. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवावे.

दिवे सगळे हिरवे, मोबाइलही जोडलेला, तरी काहीच उघडत नसेल तर आधी रिचार्जची तारीख बघावी. हसू नका, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. रिचार्ज असेल तर डब्याचा प्लग काढावा, दहापर्यंत नव्हे, अर्धा मिनिट थांबावे, मग लावावा आणि दिवे स्थिर होईपर्यंत तीन-चार मिनिटे धीर धरावा. डब्याच्या मागे सुईने दाबायचे एक बारीक छिद्र असते, त्याला मात्र हात लावू नये. ते दाबले की कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि माणूस आल्याशिवाय जोडणी सुरू होत नाही.

पुढच्या खोलीत चालते आणि मागच्या खोलीत चालत नाही, ही दगडी घरांची तक्रार. डबा जमिनीवर, लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजवर ठेवू नये. घराच्या मध्यावर, उंच ठेवावा. बऱ्याच डब्यांतून वाय-फायची दोन नावे दिसतात. २.४ गिगाहर्ट्झचे भिंतीपलीकडे जास्त पोचते, ५ गिगाहर्ट्झचे जवळ वेगवान असते. जुन्या संगणकाला बहुधा पहिलेच दिसते. लांबच्या खोलीसाठी तारेसारखा भरवसा दुसऱ्या कशाचा नाही.

एकाच संगणकावर ब्राउझर चालत नाही, बाकी सगळे चालते, असे असेल तर कुणी फुकटचे व्हीपीएन टाकून काढले होते का, हे मुलांना प्रेमाने विचारावे. असली अॅप्स कधी कधी सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू ठेवून जातात. ती बंद केली की काम होते. रागावून विचारले तर खरे उत्तर मिळत नाही, हा आमचा अनुभव.

मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार पडतात. ढग गडगडू लागले की डबा आणि संगणक दोन्हींचे प्लग काढावेत. मात्र अंधारात हात घालून ओढू नयेत. ते का, हे वर आलेच आहे.

हाताशी दुसरा रस्ता ठेवा

त्या दिवशी एक गोष्ट आम्हाला सुचली नाही. मोबाइल चार्जिंगच्या तारेने संगणकाला जोडला आणि सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की मोबाइलचे इंटरनेट संगणकाला मिळते. संगणकात वाय-फाय नसले तरी चालते. सैल तारेचा अडथळा त्याने पाच मिनिटांत ओलांडला असता. तारखेचा बिघाड मात्र तेव्हाही राहिलाच असता.

आमच्या जिल्ह्याचे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये धाराशिव झाले, जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद आहे. असे कागद हाती असले की अर्ज भरताना एखादा दाखला पुन्हा काढावा लागेल का, ही शंका येतेच. नळदुर्गहून जिल्ह्याच्या गावी एसटीने जाऊन यायचे तर दिवस जातो. म्हणून अर्ज मुदतीच्या निदान आठ दिवस आधी भरावा. इंटरनेट, लाइट आणि रांग यांतले काहीच आपल्या हातात नाही. दिवस तेवढे आपल्या हातात असतात. कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक मोबाइलमध्येही ठेवावी.

संगणकाजवळ लावायची यादी

मुलीने एका कागदावर हे लिहून टेबलावर चिकटवले आहे. तुम्हीही उतरवून घ्या.

१. पडद्यावर काय लिहिले आहे ते पूर्ण वाचा. इंग्रजी कळत नसेल तर फोटो काढून जाणत्याला पाठवा.

२. मोबाइलचा डेटा बंद करून वाय-फायवर काही उघडते का बघा. उघडले तर दोष संगणकाकडे, नाही तर डब्याकडे किंवा बाहेर.

३. डब्याचे दिवे बघा. लाल ‘एलओएस’ असेल तर तक्रार करा. नसेल तर रिचार्ज तपासा, मग डबा अर्धा मिनिट बंद करून चालू करा.

४. तार दोन्ही टोकांना ‘टक’ आवाज येईपर्यंत बसली आहे का? मागचा बारीक दिवा लागतो का?

५. तारीख, वेळ आणि साल बरोबर आहे का?

६. पत्ता १९२.१६८चा की १६९.२५४चा? पिंगला ओ येते का?

७. तक्रारीचा नंबर फक्त बिलावरचा. कुणी अॅप टाकायला किंवा पैसे पाठवायला सांगितले की फोन बंद.

आता मोहल्ल्यात कुणाचे नेट बंद पडले की मुलीला बोलावणे येते. परवा शेजारच्या आपांकडे गेली होती. जाताना ना पेचकस नेला ना काही. दारातूनच विचारले, “आपा, मोबाइलवर चालतंय का?” दहा मिनिटांत चहा पिऊन परत आली. रिचार्ज संपला होता.